तीन पाकळ्यांवरचं कुंकू

आश्विन लागला की नागपुरात आमच्या महालातल्या गल्लीत दोन वास येतात. एक उकडलेल्या शिंगाड्यांचा, दुसरा ओल्या कमळपानांचा. शिंगाडे विकणाऱ्या बाया ते कमळाच्या पानातच बांधून देतात, म्हणून दोन्ही वास हातात हात घालून दारात येतात. पहिला मला आवडतो. दुसरा आला की मी उठून खिडकी लावून घेते, आणि मग थोड्या वेळानं स्वतःच जाऊन उघडते. वासानं माझं काय घोडं मारलंय.

देवळात पुराण सांगणारे बुवा याच दिवसांत कमळावर येतात. कमळ चिखलात जन्मतं पण चिखल लागू देत नाही, पाण्यात राहतं पण भिजत नाही, माणसानं संसारात असंच राहावं, वगैरे वगैरे. बाया माना डोलावतात. मीही डोलावते, या वयात भांडण कोणाशी करा. पण मनात म्हणते, बुवा, तुम्ही कमळ ताटातलं पाहिलंय. गिरजेच्या पोटऱ्या पाहिल्या असत्या तर इतकं गोड बोलला नसता.

गिरजा सक्करदऱ्याच्या तलावात शिंगाडे लावणाऱ्या ढिवरांच्या घरची. छातीभर पाण्यात उतरून ती कमळं काढायची. कमळाच्या देठाला बारीक काटे असतात, हे फूल वाहणाऱ्याला ठाऊक नसतं. तिच्या हातापायांवर ओरखडेच ओरखडे, आणि कधी जळू चिकटलेली असली तर ती बोलता बोलता उपटून टाकायची. कमळाला चिखल लागत नाही हे खरं. पण तो तिला लागायचा, केसांपर्यंत लागायचा.

मी जो आश्विन सांगते आहे त्याला तीस वर्षं तरी झाली असतील. आता जिथं तिथं स्वराज्याच्या गोष्टी चालतात, तेव्हा साहेबाचं राज्य अगदी घट्ट बसलेलं होतं. आमचे हे सरकारी बागेच्या कचेरीत झाडापानांची चित्रं काढण्याच्या नोकरीवर होते. चित्रं म्हणजे भिंतीवर लावायची नव्हेत. हजारो कोसांवर बसलेल्या माणसानं कागद पाहून झाड ओळखावं, अशी. पान किती बोटं रुंद, शिरा किती, कीड लागली असेल तर ती कुठल्या बाजूनं, सगळं जसंच्या तसं. सुंदर दिसावं म्हणून एक रेघ वाढवायची नाही आणि वाईट दिसतं म्हणून एक भोक बुजवायचं नाही. लोक त्यांना चितारी म्हणायचे ते त्यांना खपत नसे. "मी चितारी नाही, मी नकलनवीस आहे," असं म्हणायचे. "देवानं लिहिलेल्याची नक्कल करतो."

त्या वर्षी साहेबानं पाणवनस्पतींची चित्रं काढायला सांगितली होती. शिंगाडा झाला, शेवाळ झालं, शेवटचं कमळ राहिलं. आणि कमळ फार छळतं. पहाटे उमलतं, ऊन तापलं की मिटायला लागतं. पहिल्या दिवशी गडद गुलाबी, दुसऱ्या दिवशी उतरलेलं, तिसऱ्या दिवशी जवळजवळ पांढरं होऊन पाकळ्या टाकतं. तोडून आणलेलं तर त्याहून लवकर मान टाकतं. म्हणून गिरजेनं रोज उजाडताना नवं फूल आणायचं, आणि यांनी नेहमीसारखं घरीच, पूर्वेच्या खिडकीत बसून, दहाच्या आत जेवढं होईल तेवढं काढायचं, असं ठरलं. पितळेच्या तांब्यात फूल, बाजूला रंगांच्या वड्या, भिंग, खारीच्या केसांचा कुंचला. त्या वेळात मी भांडंसुद्धा वाजू देत नसे.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मला तेव्हाही नवलाची वाटायची. पांढरा रंग म्हणून त्यांच्या पेटीत नव्हताच. पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा. पाकळीच्या कडेवरची उजेडाची रेघ म्हणजे न रंगवलेला कागद. मी एकदा म्हटलं, "म्हणजे ते तुम्ही काढलेलं नाहीच." ते म्हणाले, "तेच तर काढणं कठीण आहे वं. हात आवरणं." रंग एकदा कागदात शिरला की निघत नाही, त्यातही लाल तर नाहीच नाही, म्हणून पाकळीला कुंचला लावण्याआधी ते श्वास रोखून धरायचे. मी चुलीपाशी बसून त्यांचा तो रोखलेला श्वास ऐकत असे.

आता माझी गोष्ट. कमळ आमच्या घरात कधी आलं असेल तर ते लक्ष्मीसाठी. आणि हे काय करायचे, बाहेरून चित्र झालं की वस्तऱ्यानं फूल उभं चिरायचे, आतलं बियांचं चाक दिसावं म्हणून. देवीच्या बसायच्या जागेवर वस्तरा. मला ते पाहवत नसे. त्यांना अडवणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी आपली तोड काढली. गिरजेकडून फूल घेतलं की आधी देवघरात नेऊन ठेवायचं, हळदीकुंकू वाहायचं, हात जोडायचे, "आई, आधी तुझं, मग सरकारचं," असं म्हणायचं, मग मऊ फडक्यानं पुसून, फुंकर मारून तांब्यात लावायचं. यांना ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर नमुन्याला हात लावला म्हणून आठ दिवस बोलले नसते.

तो शुक्रवार होता. हळदीची चिमूट घेणार तोच चुलीवर दूध फसफसून वर आलं, म्हणून नुसतं कुंकू वाहून मी धावले. दूध सावरलं, राख सावरली, तेवढ्यात यांची हाक आली, "फूल आलं का?" मी उचललं आणि दिलं. पुसायचं राहिलं.

दुपारी ताट वाढायला गेले तर चित्र खिडकीत वाळत होतं. हे हात धुऊन बसले होते, इतके खुशीत की मला बसायला सांगितलं. म्हणाले, "पाह्य, आजचं फूल न्यारं होतं. तीन पाकळ्यांच्या बुडाशी तांबूस छटा. कडेले विरत गेलेली. असं कमळ मी जन्मात पाहिलं नाही."

मी पाहिलं. तीन पाकळ्यांच्या खोलगटात, जिथं माझी चिमूट सांडली होती तिथं, माझं कुंकू होतं. इतकं हुबेहूब की बोट लावलं असतं तर बोटाला आलं असतं वाटावं.

मला आधी हसू आलं. खोटं कशाला सांगू. मग वाकून पुन्हा पाहिलं. भिंगातून पाहणारा माणूस. हिरव्याच्या अकरा तऱ्हा नावानं ओळखणारा. मुंगीचे पाय मोजणारा. त्याला कुंकवाचे कण दिसले नाहीत. नुसता लाल धूर दिसला.

मग एकेक आठवत गेलं. पावसाळाभर ते विचारत होते, "आज आभाळ आहे का वं?" आणि बाहेर लख्ख ऊन असायचं. दोनदा त्यांनी चहाच्या कपात कुंचला बुडवला होता. उंबऱ्याला ठेच लागायची आणि रागवायचे उंबऱ्यावर. मी हे सगळं पाहिलं होतं आणि काही पाहिलं नव्हतं. बाईमाणसाला घरातलं सगळं दिसतं म्हणतात, मला तर माझ्याच समोर जेवणाऱ्याचे डोळे दिसले नाहीत.

मी वरण वाढलं.

शनिवारी हे चित्र घेऊन कचेरीत गेले आणि संध्याकाळी परतले ते पायांत वारं भरल्यासारखे. साहेबानं चित्र उजेडात धरून तीनदा पाहिलं म्हणे. अशी जात कुठल्याच पुस्तकात नाही म्हणाला. कलकत्त्याला कळवायचं ठरलं, पण त्याआधी साहेबाला खुद्द फूल पाहायचं होतं, तसंच, बुडाशी लाल असलेलं. "नाव माझं घालणार आहेत चित्राखाली," हे म्हणाले. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव कधी कुठल्या चित्राखाली पडलं नव्हतं. ते शांतपणे सांगत होते आणि मी पदराचं टोक पिळत होते.

दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे स्वतः तलावावर जायला लागले. गिरजेचा नवरा डोंग्यात बसवून त्यांना फिरवायचा. फुलामागून फूल हातात घेऊन डोळ्यांशी नेत. चार दिवस. मी घरात बसून देवीला विचारत होते की आता करू तरी काय. सांगितलं तर डोळ्यांचं उघड होणार. डोळे गेलेला माणूस चित्रांच्या नोकरीवर कोण ठेवेल. न सांगावं तर कलकत्त्याला खोटं जाणार, आणि तेही त्यांच्या नावानं. ज्यानं आयुष्यात कधी एक रेघ वाढवली नाही, त्याच्या नावानं.

पाचव्या दिवशी मी जे केलं ते आजपर्यंत गिरजेशिवाय कोणाला ठाऊक नाही. हे तलावावर गेलेले, आणि गिरजा फूल घेऊन दारात आली. मी ते घेतलं, वाटीत कुंकू कालवलं, यांचाच कुंचला उचलला आणि अंगणात बसून पाकळीच्या बुडाशी लावायला लागले. कोरडं टाकून चाललं नसतं. साहेबाचे डोळे शाबूत होते, त्याच्या भिंगात कण दिसले असते. रंग पाकळीतूनच आल्यासारखा दिसायला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा कुंचला धरला तो यासाठी.

पण पाकळी ते घेईना. लाल थेंब गोळा होऊन घरंगळायचा आणि खाली जमिनीवर पडायचा. पुन्हा लावला, पुन्हा पडला. चार वेळा. पाकळी जशीच्या तशी गुलाबी आणि माझं लुगडं लाल.

गिरजा उंबऱ्यापाशी उकिडवी बसून पाहत होती. म्हणाली, "काय करून राहिली वं बाई?"

"काही नाही."

"कमळाले रंग लावून राहिली. धरत नाही ते. माहा जनम गेला पाण्यात, मले विचार ना." मग थोडं थांबून, "काहून पन?"

त्या 'काहून'ला मी फुटले. सगळं सांगितलं. दूध उतू गेल्यापासून साहेबापर्यंत. गिरजा पायाचा चिखल खरवडत ऐकत होती. मला वाटलं, ही हसेल, किंवा अगंबाई म्हणेल. ती म्हणाली, "त्याईले दिसत नाही हे माह्या मालकाले पयल्याच दिशी समजलं. डोंग्यातून उतरताना पाय पाण्यात टाकला त्याईनं. किनारा समजून."

"मग बोलला का नाहीत?"

"आमी काय बोलाव? तू सांग. ज्याचे डोळे चालले त्याले ठाऊकच असते, बाई. त्याले सांगनारं कोनी पायजे असते."

बुवा म्हणतात तसं कमळाला काही लागत नाही, हे त्या सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण त्याचं मला तेव्हा काही कौतुक वाटलं नाही. मला त्याचा राग आला. एवढं एक खोटं धरलं असतं तर त्याचं काय गेलं असतं.

हे परतले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. जेवले. मी समोर बसले आणि सांगितलं. वर पाहून सांगण्याची हिंमत नव्हती, त्यांच्या ताटाकडे पाहत सांगितलं. "ते कुंकू होतं. मी वाहिलं होतं, पुसायचं राहिलं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. बाहेर एक बाई शिंगाडे घ्या म्हणून ओरडत गेली. मग म्हणाले, "डोळ्यांचं मले ठाऊक होतं. उन्हाळ्यापासून. कुंकवाचं नव्हतं."

"माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? तू देवीले वाहिलं. काय वाहिलं आहे तेवढं मी ओळखायचं होतं, ते मले आलं नाही." आणि मग, हात धुता धुता, "आणखी कशात चुकलो ते सांग. खरं सांग. शिंगाड्याचं पान?"

मी सांगितलं. शिंगाड्याचं पान जरा निळं झालं होतं. शेवाळाच्या दोन रेघा एकावर एक गेल्या होत्या. मला इतकं दिसत होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. दर चुकीला ते नुसती मान हलवायचे.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर पगडी ठेवून म्हणाले, "तू चल माझ्यासंग कचेरीत. मी सांगन साहेबाले. पण मले त्याचं तोंड दिसणार नाही. तू पाह्य, आणि मले सांग."

आमच्या घरातली बाई सरकारी कचेरीत कधी गेली नव्हती. टांग्यातून जाताना गल्लीतली दारं उघडलेली मला कळत होती. कचेरीत मी दाराशी उभी राहिले, पदर पुढे ओढून. यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. साहेबानं आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे. तिथं तेच कुंकू होतं. मग त्यानं कपाट उघडून वर्षभराची चित्रं काढली आणि एकेक उजेडात धरली. शेवटचं ठेवलं, फीत बांधली. कमळाचं चित्र यांच्या हातात देऊन म्हणाला, "ये तुम रखो."

परतताना टांग्यात त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"राग नव्हता," मी म्हटलं.

"मग?"

मला खोटं बोलता आलं असतं. अंगणातली ती पाकळी आठवली. "कीव होती," मी म्हटलं.

ते म्हणाले, "राग असता तर बरं झालं असतं."

नंतर कामठीला छावणीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. मोतीबिंदू नाही, मागचा पडदाच वाळत चालला आहे, इलाज नाही, असं त्यानं सांगितलं. साहेब मनानं वाईट नव्हता. त्यानं यांना काढलं नाही, बियांच्या खोलीत बसवलं. तिथं हे बोटांनी बी ओळखायचे. गोल, चपटं, खरखरीत, हलकं. कधी चुकले नाहीत म्हणतात. दोन वर्षांत उजेड अंधाराचासुद्धा फरक कळेनासा झाला. मी विचारायची, कंटाळा येतो का. ते म्हणायचे, "बी पाहायले डोळे लागत नाहीत. फुलाले लागतात." खिशात कमळाचं एक बी ठेवायचे, काळं, गोटीसारखं टणक. बोलता बोलता ते चाळवत राहायचे.

चित्र घरी आलं त्या आठवड्यात त्यांनी ते लाल काढायचा प्रयत्न केला होता. मीच केला म्हणायचं, त्यांच्या सांगण्याप्रमाणे. ओला कुंचला फिरवायचा, टिपकागद दाबायचा, पुन्हा ओला. आजूबाजूचा गुलाबी विटत गेला, लाल तिथंच.

"गेलं का?"

"नाही."

"पुन्हा कर."

"नाही जात हो."

"मग राहू दे," ते म्हणाले. "कागद फाटंन."

मी ते ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं, त्यावर जुनी लुगडी टाकली. देवीला कमळ वाहणं मी त्या वर्षापासून सोडलं. मला वाटायचं, माझ्या भक्तीनं त्यांचं काम बुडवलं. मग वाटायचं, नसतं वाहिलं तर त्यांनी आणखी वर्षभर चुका केल्या असत्या आणि कोणीतरी दुसऱ्यानंच, चारचौघांत, दाखवल्या असत्या. यातलं कुठलं खरं, हे तीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. बुवांना विचारलं तर ते सांगतील. म्हणून विचारत नाही.

सात वर्षांपूर्वी माघात हे गेले. गल्लीतल्या बाया आल्या, त्यांनी रीतीप्रमाणे माझं कपाळ पुसलं, बांगड्या उतरवल्या. एकीनं ओलं फडकं दोनदा फिरवलं, नीट पुसलं गेलं का ते पाहायला. आम्हाला मूलबाळ नव्हतं, तेराव्यानंतर घर रिकामं झालं. दुपारी ट्रंक उघडली आणि लुगड्यांखालून चित्र काढलं. कागद कडेनं पिवळा झाला होता, पान फिक्कट झालं होतं. तीन पाकळ्यांच्या बुडाशी लाल होतं, काल वाहिल्यासारखं. मी खूप रडले. तेरा दिवसांत रडले नव्हते इतकी. मग खिळा शोधला आणि ते पूर्वेच्या खिडकीशेजारी लावलं, ते बसायचे तिथं.

येणारे जाणारे पाहतात. पुतण्या म्हणतो, काकांनी काय रंग भरलाय. शेजारच्या मास्तरीणबाईंनी विचारलं, ही कमळाची कुठली जात. मी म्हणते, नागपूरची.

काल गिरजेची सून आली होती. गिरजा आता पाण्यात उतरत नाही, गुडघे धरलेत. सुनेनं पानात बांधलेले शिंगाडे खाली ठेवले आणि पाणी मागितलं. पेला तोंडाला लावून तिची नजर भिंतीवर गेली आणि तिथंच थांबली. उठून जवळ गेली. ओल्या हातानं नाही, पदराला हात पुसून तिनं पाकळीशी बोट नेलं.

"कमळाले असं लाल नसते आजी," ती म्हणाली. "हे तं कुंकू हाय. कोनं लावलं वं?"

"लावलं मी," मी म्हटलं. "ठेवलं त्यांनी."